विराच्या पायांचा दाखला

रोहेलिओ कातिंदिगला कागदाने आजवर कधी दगा दिला नव्हता. फिलिपिन्समधल्या मारिकिनाच्या नगरपालिकेत जन्म, मृत्यू आणि विवाह या खिडकीमागे त्याने सत्तावीस वर्षं काढली होती. माणसाच्या आयुष्यात जे काही महत्त्वाचं घडतं, ते सगळं त्याच्या शिक्क्याखालून गेलेलं होतं. गल्लीत त्याला सगळे रोजर म्हणत. कागद हातात आला की रोजर आधी शिक्का बघे, मग सही, मग तारीख, मग समास. मजकूर तो वाचत नसे. मजकूर ज्याने लिहिला त्याने वाचावा, असं त्याचं स्वच्छ मत होतं आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. एकदा एका नवरदेवाचं लग्न त्याच्या होणाऱ्या सासूशी नोंदलं गेलं होतं खरं, पण शिक्का अगदी ठळक उमटला होता.

अशा माणसाने घरात मात्र एक वचन तोंडी देऊन ठेवलं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

त्याचं झालं असं. रोजरला एकच मुलगी. रोहेलिओ आणि एल्विरा या आईबापांच्या नावांत तिचा समान हिस्सा राहावा म्हणून रोविरा, आणि हाक मारायला विरा. सातव्या वर्षापासून ती बॅले शिकत होती. रोजरने तिचे अकराच्या अकरा वार्षिक कार्यक्रम तिसऱ्या रांगेत बसून पाहिले होते, म्हणजे दिवे मालवेपर्यंत पाहिले होते. पुढे काळोख, गार हवा आणि व्हायोलिन असा तिहेरी हल्ला झाल्यावर माणूस किती टिकणार? टाळ्यांनी जाग आली की तो सगळ्यांत आधी उठून उभा राही आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवी. बारावीनंतर विरा म्हणाली, "मला फक्त नाचायचंय." तेव्हा त्याने तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"तू सिव्हिल इंजिनिअरिंग घे. नाच सुटणार नाही. ती जबाबदारी माझी. लिहून देऊ?"

"नको पापा," विरा म्हणाली, "नुसतं सांगा."

त्याने सांगितलं. तिने इंजिनिअरिंग घेतलं.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाचं वेळापत्रक हातात आलं आणि पहिलाच खडा दाताखाली आला. पी.टी. क्रमांक एक, व्हॉलीबॉल, मंगळवार आणि गुरुवार, चार ते सहा. विराचा बॅलेचा वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, साडेचारला. बॅले शिकवणाऱ्या टीचर लूर्देस सत्तरीच्या, काटकुळ्या, आणि शब्दाला खिळ्यासारख्या पक्क्या. डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांनी विराला पहिल्यांदाच एकटीचा नाच दिला होता. अट एकच. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाच दुसरीला.

"एवढंच ना," रोजर म्हणाला. "अकरा वर्षं बॅले केल्याचा दाखला आणतो, पी.टी.त जमा करतो. सही-शिक्क्यासह. तीन प्रतींत."

पी.टी.च्या कचेरीत मिसेस तोलोसा बसत. रोजरला त्यांचं टेबल पाहताच आदर वाटला. चार शिक्के, दोन शाईपॅड, आणि एक पंखा जो फक्त त्यांनाच वारा घालत होता.

"बॅले आमच्याकडे आहे की," त्या म्हणाल्या. "क्रमांक दोन. बॅले, नवशिक्यांसाठी."

"मग तेच द्या!"

"एक झाल्याशिवाय दोन मिळत नाही."

"बरं, एक झाल्यावर तरी?"

"अकरा वर्षं नाचते म्हणालात ना? मग नवशिकी कुठे राहिली ती? तिला बसता येणार नाही."

रोजरने हे मनातल्या मनात दोनदा लावून पाहिलं. नियम म्हणून त्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच त्याचं डोकं दुखायला लागलं.

"मग सूट?"

"सूट तिघांना. विद्यापीठाच्या संघातले खेळाडू, गरोदर, आणि आजारी."

"आमची मुलगी तिन्हींत बसत नाही."

"बसवा," मिसेस तोलोसा म्हणाल्या. "फॉर्म मागच्या टेबलावर आहेत."

ही बातमी संध्याकाळच्या आत गल्लीभर झाली, कारण रोजरने ती पासिंगच्या दुकानात सांगितली. आलिंग पासिंग म्हणजे गल्लीच्या तोंडाशी साबण, सार्डिनचे डबे, मोबाईलचं रिचार्ज आणि झेरॉक्स विकणारी साठीची विधवा. सगळे तिला मानाने आलिंग म्हणत. तिच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. एक म्हणाला, डीनच्या घरी अख्खं भाजलेलं डुक्कर पाठवा. दुसरा म्हणाला, पोरीला व्हॉलीबॉलच खेळू दे, उंची वाढते. गल्लीतले म्हातारे चांभार लोलो आम्बो नुसते हसले आणि जोड्याचा तळ ठोकत राहिले.

"आजारी म्हणजे काय, रोजर, डॉक्टर म्हणेल तो आजारी," पासिंग म्हणाली. "माझा भाचा जुनजुन आता डॉक्टर झालाय. ने पोरीला त्याच्याकडे."

एल्विराने घरी कपाळाला हात लावला. "चार-चार तास नाचणाऱ्या पोरीला आजारी ठरवणार तुम्ही?"

"ठरवणार नाही. नोंदवणार," रोजर म्हणाला. त्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक होता.

खोटं लिहून घ्यायचं म्हणजे डॉक्टरला कसं पटवायचं, याची रोजरने वाटेत बरीच तयारी केली होती. तिची गरजच पडली नाही. डॉ. जुनजुनने विराला मोजे काढायला सांगितले. खाली वाकून पाय बघत राहिला. हळू आवाजात काहीतरी विचारी, विरा हळू आवाजात काहीतरी सांगे. रोजर तेवढ्या वेळात भिंतीवरच्या त्याच्या पदवीचा शिक्का न्याहाळत होता. डॉक्टरने दीड पान लिहिलं.

"सर, हे सगळं तुम्हाला माहीत आहे ना?"

"सगळं," रोजर म्हणाला. "फक्त शिक्का जरा सरळ मारा."

प्रती काढायला तो पासिंगकडेच गेला. तिचं यंत्र म्हातारं, एका पानाला एक मिनिट घेई, आणि तेवढ्या मिनिटात पासिंग पान वाचून काढी. तिसरी प्रत बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अरे, एवढं सगळं पोर मुकाट्याने सोसत होती?"

काय सुरेख नाटक करते ही, असं रोजरला वाटलं. त्यानेही चेहरा पाडला. "काय सांगणार, आलिंग पासिंग. ज्याचं त्यालाच ठाऊक."

विद्यापीठात मिसेस तोलोसांनीही दाखला वाचला, चष्मा काढला, पुसला आणि शिक्का मारला. "पोरीला जपा, सर," त्या म्हणाल्या. सूट मंजूर. व्हॉलीबॉल गेलं, मंगळवार-गुरुवार मोकळे झाले, आणि ऑगस्ट-सप्टेंबर रोजर गल्लीतून ताठ मानेने चालत राहिला.

मग ऑक्टोबर लागला.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. गल्लीतली मेरीमातेची मूर्ती या महिन्यात घरोघर मुक्कामाला जाते. जिथे मूर्ती, तिथे रोज संध्याकाळी पाच वाजता सगळी गल्ली जपमाळ घेऊन जमते, आणि जप झाला की घरच्यांनी सगळ्यांना खाऊ घालायचं. कातिंदिगांची पाळी महिन्याच्या शेवटी होती. पण एका मंगळवारी दुपारी साडेतीनला विरा पिशवी खांद्याला लावून निघते न निघते, तोच दारात पासिंग उभी. मागे तीस बायका, आणि चौघींच्या हातांवर मूर्ती.

"ज्या घरी दुखणं, तिथे आधी माता," पासिंग म्हणाली. "नऊ दिवसांचा नवस बोललोय आम्ही. विरा, बाळ, तू उभी का? डॉक्टरने काय लिहिलंय? रोजर, खुर्ची आण तिला!"

रोजरने खुर्ची आणली. काय करतो? एल्विराने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने निमूटपणे चादरही आणली आणि विराच्या पायांवर घातली. पाच वाजता जप सुरू झाला. साडेचारचा वर्ग केव्हाच सुरू झालेला होता. तीस बायका विराच्या पायांसाठी कळवळून प्रार्थना करत होत्या, आणि चादरीखाली ते पाय एका जागी ठरत नव्हते. मग एल्विराने परातभर पान्सित शेवया केल्या आणि त्या संपल्या.

ती पहिली गैरहजेरी. गुरुवारी दुसरी. नऊ दिवसांच्या गणिताप्रमाणे पुढच्या मंगळवारी तिसरी.

"पापा," विरा म्हणाली, "मला नाचायला मिळावं म्हणून तुम्ही दाखला आणलात ना?"

"हो."

"आणि दाखल्यामुळे मला नाचायला जाता येत नाही."

"तात्पुरतं."

"टीचरनी माझा नाच दुसरीला शिकवायला घेतलाय. काल तिचा वेगळा वर्ग होता, दारात उभी राहून बघितलं मी." एवढं बोलून ती आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. रोजरला त्या नळाच्या आवाजाचा अर्थ कळला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच, पुढचा कागद कोणता, हे त्याला सुचेना.

सुचवलं ते पुन्हा पासिंगनेच. बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, कचेरीतून ती चाकांची खुर्ची घेऊन आली. "पोरीला उपचाराला न्यायचं तर पायी नेणार का?"

उपचार! रोजर एकदम उजळला. मंगळवारी चार वाजता त्याने विराला खुर्चीत बसवून सगळ्या गल्लीदेखत बाहेर काढलं. बायका जपासाठी घरी जमत होत्या, त्यांनी क्रूसाची खूण केली. कोपरा वळला, विराने चादर फेकली, बापाच्या गालाचा मुका घेतला आणि धावत जाऊन प्रवासी जीपनी पकडली.

योजना उत्तम होती. तिच्यात एकच भगदाड होतं. विरा सात वाजता परत येणार, आणि तोवर रिकामी खुर्ची घेऊन रोजर जाणार कुठे? घरी जाणं शक्य नव्हतं. खुर्ची ढकलत तो नदीकाठच्या बागेत गेला. बाक सगळे भरलेले, तेव्हा खुर्चीतच बसला. उरलेल्या ऑक्टोबरचे मंगळवार आणि गुरुवार नगरपालिकेचा वरिष्ठ कारकून अर्धी रजा टाकून असा नदीकाठी बसत होता. एका शाळकरी मुलीने त्याला रस्ता ओलांडून दिला. तो रस्ता त्याला ओलांडायचा नव्हता. एका बाईने दोन पांदेसाल पाव त्याच्या मांडीवर ठेवले आणि त्याने नाही म्हणायच्या आत डोळे पुसत निघून गेली. अपमानाने त्याचे कान लाल झाले. पाव मात्र गरम होते, ते त्याने खाल्ले.

मधल्या काळात लोलो आम्बो माप घ्यायला आले. मारिकिनात जोडे शिवणाऱ्यांची कमी नाही, पण लोलो आम्बोंच्या हाताला तोड नव्हती. पासिंगनेच त्यांना विरासाठी आजारी माणसाचे जोडे शिवायला सांगितलं होतं. म्हाताऱ्याने विराचे पाय हातात घेतले, अंगठ्यावरून हलकेच बोट फिरवलं, आणि तिच्याकडे पाहिलं. विराने मान खाली घातली.

"कामाचे पाय आहेत," एवढंच ते म्हणाले आणि माप घेऊन गेले.

असं करत करत ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार आला. महिना संपताना मूर्तीची मिरवणूक निघते, दुपारी चारला. त्याच गुरुवारी साडेचारला टीचर लूर्देस डिसेंबरचा नाच कुणाचा ते कायमचं ठरवणार होत्या. विराच्या खात्यावर दोन गैरहजेऱ्या. आणि बुधवारी पासिंगने जाहीर केलं की मूर्तीच्या पुढे पांढऱ्या कपड्यांत विराची खुर्ची चालेल, आणि ती तिचा बाप ढकलेल.

"उपचार आहे उद्या," रोजर म्हणाला.

"मातेपेक्षा मोठा उपचार कुठला रे?" पासिंग म्हणाली.

मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग विरा, मग मूर्ती, मग मेणबत्त्या घेतलेली गल्ली. विरा पांढऱ्या झग्यात ताठ बसली होती. तिची पिशवी चादरीखाली होती. कशाला घेतली, ते तिलाही माहीत नव्हतं. ती रडत नव्हती. रोजरला वरून फक्त तिचा भांग दिसत होता, आणि तो भांग बघून त्याला जेवणाचं टेबल आठवलं. "नको पापा, नुसतं सांगा."

कोपरा आला. समोर जीपनी उभी होती. रोजर थांबला. त्यामुळे मूर्ती थांबली, मेणबत्त्या थांबल्या, आणि बँड तेवढा कुणी न सांगितल्यामुळे थोडा पुढे गेला.

"ऐका!" रोजर ओरडला. त्याचा आवाज फाटला. "हिला काही झालेलं नाही! ही नाचते! नाचता यावं म्हणून मी खोटा कागद केला! सगळं खोटं आहे, आणि ते मी केलंय! विरा, ऊठ. जा. वीस मिनिटं आहेत."

विराने बापाकडे पाहिलं. मग चादर बाजूला केली आणि उभी राहिली.

"उभी राहिली!" पासिंगच्या हातातली मेणबत्ती पडली. "बायांनो, पोर उभी राहिली!"

"अहो, उभी राहतेच ती! रोज राहते!"

विरा दोन पावलं चालली आणि मग पळत सुटली. झगा वर धरून, पिशवी बगलेत मारून, रस्त्यातला नारळाच्या करवंट्यांचा ढीग एका उडीत पार करून ती जीपनीत चढली. ती उडी गल्ली आजही विसरलेली नाही. बायका गुडघ्यांवर बसल्या. बँडवाल्यांना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली.

"चमत्कार नाहीये हा!" रोजर घसा फोडून सांगत होता. "मी खोटं बोललो!"

"गप रे," पासिंग त्याला जवळ घेऊन रडत म्हणाली. "आनंदाने भान गेलंय तुझं. बस, खुर्चीत बस जरा."

आणि सगळ्यांनी मिळून त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं. मिरवणुकीचा उरलेला भाग रोजर कातिंदिगने मेरीमातेच्या पुढे बसून पार केला. आयुष्यात पहिल्यांदा तो चारचौघांत खरं बोलला होता, आणि त्याच्यावर एकाचाही विश्वास बसला नव्हता.

विरा चार मिनिटं आधी पोचली. नाच तिचाच राहिला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पासिंगने उत्साहाने एक कागद केला होता. विरा कातिंदिग आमच्या डोळ्यांदेखत उठली, चालली, धावली आणि उडाली, अशी त्रेचाळीस जणांची साक्ष. वकिलाचा शिक्का घेऊन तिने तो तीन प्रतींत काढला आणि स्वतः जाऊन विद्यापीठात दिला. रोजरला मिसेस तोलोसांचं बोलावणं आलं.

"अभिनंदन, सर. मुलगी बरी झाली. सूट रद्द."

रोजरने साक्षपत्र पाहिलं. शिक्का सरळ, सह्या पूर्ण, समास योग्य. असा कागद त्याला स्वतःलाही जमला नसता. तो खुर्चीत खचला. "म्हणजे जानेवारीपासून मंगळवार-गुरुवार व्हॉलीबॉल."

"किंवा बुद्धिबळ."

"काय?"

"बुद्धिबळ. पी.टी. क्रमांक एकमध्येच येतं. शनिवारी सकाळी सात. कधीच कुणी घेत नाही, पोरांना उठवत नाही ना."

"बुद्धिबळ पी.टी.त?"

"मेंदू शरीरातच असतो, सर."

"हे ऑगस्टमध्ये होतं?"

"अकरा जागा रिकाम्या होत्या."

"मग बाई, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" मिसेस तोलोसा खरोखरच गोंधळून म्हणाल्या. "तुम्ही कागद आणत होतात."

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. तिसरी रांग अख्खी गल्लीची होती. चमत्कार बघायचा म्हणून पासिंगने सगळ्यांना आणलं होतं, आणि विरा उडी मारी तेव्हा तेव्हा ती क्रूसाची खूण करी. दिवे मालवले, गार हवा सुटली, व्हायोलिन सुरू झालं. रोजर झोपला नाही. आपली मुलगी एकटी त्या एवढ्या मोठ्या रंगमंचावर अंगठ्यांच्या टोकांवर उभी आहे, हे त्याने बाराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. टाळ्या वाजवायला तो सगळ्यांत शेवटी उठला, कारण त्याला उठताच येईना. शेजारी लोलो आम्बोंनी मांडीवर एक खोकं सांभाळून धरलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी ते विराला दिलं. आत आजारी माणसाचे जोडे नव्हते. कापडासारख्या मऊ कातड्याच्या सपाता होत्या. "नाचून आलीस की घालायला," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी रोजरने कपाटातली फाईल आवरायला घेतली. दाखल्याची तिसरी प्रत तिच्यात होती. आता तिचा उपयोग नव्हता. टाकण्याआधी सवयीने त्याने शिक्का पाहिला, सही पाहिली, तारीख पाहिली. मग, का कोण जाणे, मजकूर वाचला.

दोन्ही अंगठ्यांची नखं गेलेली. टाचेच्या शिरांना कायमची सूज. डाव्या पायाच्या करंगळीमागच्या हाडाला जुनं फ्रॅक्चर, अंदाजे दोन वर्षांपूर्वीचं, उपचाराविना जुळलेलं. घरी वडिलांना सांगितलं नाही, कारण ते नाच बंद करतील, असं रुग्णाचं म्हणणं. धावणं, उड्या, फार वेळ उभं राहणं पूर्ण वर्ज्य. सल्ला दिला. रुग्ण हसली.

त्याने पुन्हा वाचलं. दोन वर्षांपूर्वी तो तिसऱ्या रांगेत होता. झोपला होता.

कागद हातात घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. विरा गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. एल्विरा बाजूला पट्टी कापत होती, ती कितव्यांदा ते तिलाच ठाऊक. रोजरने खाली वाकून पाहिलं. दाखल्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मी गल्लीभर सांगत सुटलो की कागद खोटा आहे म्हणून," तो म्हणाला.

"हो ना," विरा म्हणाली. "सगळ्यांनी वाचला होता पापा. तुम्हीच तेवढा नव्हता वाचला."

"दुखतं?"

"दुखतं."

"आत्तासुद्धा?"

"आत्ता जरा जास्तच."

आता मी काय करू, असं त्याला विचारायचं होतं. बंद कर म्हणावं, तर वचन दिलेलं. चालू ठेव म्हणावं, तर समोर ते पाय. त्याऐवजी तो एवढंच म्हणाला, "मग गं?"

"मग काय पापा? मंगळवारी क्लास आहे."

रोजरने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. बाह्या वर सारल्या, आणि घमेल्यात हात घालून पाहिला.

"पाणी गार झालंय," तो म्हणाला, आणि शेगडीवरची किटली आणायला उठला.